गॅरेज डोअरचे रोलर घासतायत: हार्डवेअर कोणतं घ्यायचं आणि ट्रॅकमध्ये गॅप किती ठेवायची

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दोन गाड्यांच्या गॅरेजचा सेक्शनल दरवाजा, चार पॅनेलचा, रुंदी साधारण पाच मीटर, उघडताना उजव्या बाजूचे रोलर ट्रॅकला घासल्यासारखा आवाज येतो आणि वळणाजवळ एक धक्का बसतो. तुम्ही नायलॉनचे रोलर आणायचं ठरवलंय आणि विचारताय की कोणते आणू, सोबत बिजागऱ्या पण बदलू का, आणि ट्रॅक आणि दरवाज्यात नक्की गॅप किती ठेवायची.

आधी एक सांगतो, रोलर आत्ता लगेच विकत आणू नका. आणायचे असतीलच, पण आधी ते कशामुळे घासतायत ते कळू द्या. मी गेली बरीच वर्षं हेच काम करतोय आणि नवे रोलर टाकून आठवड्यात परत तोच आवाज सुरू झालेले दरवाजे इतके पाहिलेत की आता रोलर हा शब्द ऐकला की मी आधी दरवाजा लेव्हलला आहे का ते बघतो. रोलर झिजतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या चुकीमुळे झिजतो.

कामाला हात लावायच्या आधी जीवाची गोष्ट. दरवाजा पूर्ण बंद असताना स्प्रिंगमध्ये सगळ्यात जास्त ताण असतो आणि तो ताण केबलमधून थेट खालच्या कोपऱ्यातल्या ब्रॅकेटवर येतो. त्या खालच्या ब्रॅकेटचे स्क्रू सैल करायचे नाहीत. एकही नाही, थोडेसुद्धा नाही. स्क्रू निघाला की ब्रॅकेट केबलसकट उडतो आणि त्याने बोटं गेलेली, तोंड फुटलेलं लोकांनी भोगलंय. म्हणजे सगळ्यात खालचे दोन रोलर तुम्ही स्वतः बदलायचे नाहीत, त्यासाठी स्प्रिंगचा ताण उतरवावा लागतो आणि ते स्प्रिंगवाल्याचं काम आहे. वरच्या शाफ्टवरचे केबल गुंडाळणारे ड्रम, स्प्रिंगच्या टोकाचे शंकूसारखे तुकडे, त्यांचे सेट स्क्रू, यांनाही हात नाही. बाकीचे आठ रोलर तुम्ही बदलू शकता (चार पॅनेलच्या दरवाज्याला एकूण दहा असतात, तीन सांध्यांचे सहा, वरचे दोन आणि खालचे दोन).

आता आधी निदान. दरवाजा बंद करा, ओपनरचा, म्हणजे दरवाजा उघडणाऱ्या मोटरचा, प्लग काढा, मग तिची लाल दोरी ओढून ओपनर दरवाज्यापासून सोडवा. हे दरवाजा बंद असतानाच करायचं, कारण उघडा असताना सोडवला आणि स्प्रिंग कमजोर किंवा तुटलेली असेल तर सगळा दरवाजा धाडकन खाली येतो. मग हाताने हळूहळू वर उचला. कमरेपर्यंत आणून हात ढिला करा पण लांब नेऊ नका, आणि दरवाज्याच्या खाली पाय ठेवू नका. तिथल्या तिथे राहिला किंवा अगदी किंचित हलला तर बॅलन्स ठीक. खाली बसायला लागला किंवा वर पळायला लागला तर इथेच थांबा, आधी स्प्रिंग दुरुस्त करून घ्या, कारण बॅलन्स नसलेल्या दरवाज्यात तुम्ही ट्रॅक कितीही सुंदर लावा, ती मेहनत वाया जाणार.

बॅलन्स ठीक निघाला तर परत बंद करा आणि खालच्या पॅनेलच्या वरच्या कडेवर लेव्हल ठेवा. फरशीवर विश्वास ठेवू नका, गॅरेजची फरशी मुळातच उताराची असते. पॅनेल लेव्हलला नसेल तर दोन्ही बाजूच्या केबल हाताने थोड्या दाबून बघा, एक ताठ आणि एक ढिली लागली तर दरवाजा तिरका चालतोय. पाच मीटर रुंदीचा दरवाजा एका कोपऱ्यात जरासा जरी खाली असला तरी तो तिरपा होऊन एका बाजूच्या ट्रॅकमध्ये पाचर मारल्यासारखा घुसतो. मग लोक काय करतात, तो ट्रॅक बाहेर सरकवतात. थोडे दिवस आवाज जातो, मग दुसऱ्या बाजूला सुरू होतो, मग तो ट्रॅक सरकवतात, आणि असं करत करत दोन्ही ट्रॅक इतके लांब जातात की एक दिवस रोलरच बाहेर येतो. म्हणून क्रम उलटा करू नका, आधी दरवाजा सरळ आणि मग ट्रॅक त्या दरवाज्याला धरून. केबल सारखी करणं हे परत स्प्रिंगवाल्याचं काम.

हे सगळं ठीक असेल तर मग टॉर्च घेऊन ट्रॅकच्या आत बघा. मला या कामातला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण ट्रॅक स्वतःच सगळं सांगतो. खोबणीच्या गोलाईत मधोमध एक चकचकीत रेघ असते, ती चाकाची नेहमीची वाट, तिची काळजी नाही. रेघ ट्रॅकच्या ओठावर असेल, म्हणजे पत्र्याची जी कड आत वळलेली असते तिच्यावर, तर तिथे चाक नाही तर रोलरची दांडी घासतेय. याचा अर्थ ट्रॅक पिळला गेलाय किंवा चाक झिजून आतल्या आत लटपटतंय. चाकाच्या तोंडावर, म्हणजे सपाट बाजूवर, घासल्याच्या खुणा असतील आणि ट्रॅकच्या तळालाही तशाच असतील तर दरवाजा त्या बाजूला दाबला जातोय, गॅप कमी पडलीये. आणि बिजागरीच्या पत्र्यावर किंवा पॅनेलच्या कडेवर रंग खरवडला असेल तर गॅप जवळपास संपलीच आहे. तुमच्या उजव्या बाजूला यातलं काय दिसतं ते आधी बघा, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

आता गॅपबद्दल. लोक "क्लिअरन्स" म्हणतात तेव्हा तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र करतात आणि तिथेच गोंधळ होतो.

पहिली गॅप दरवाज्याची कड आणि ट्रॅक यांच्यामधली, आडवी. ही साधारण ४ सूत ठेवायची, म्हणजे अर्धा इंच, १२ ते १३ मिमी. ३ सूत ते ५ सूत यामध्ये कुठेही असली तरी चालते पण वरपासून खालपर्यंत सारखी पाहिजे, हे सारखेपण आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. दुसरी गॅप चाक आणि खोबणीतली, पुढे-मागे. ही तुम्ही ठरवत नाही, ती बनवतानाच ठरलेली असते. २ इंची ट्रॅक ५१ मिमीचा आणि त्याच्या रोलरचं चाक साधारण ४६ मिमीचं, मग उरतात ते थोडे मिलिमीटर चाकाला फिरायला पाहिजेतच. तिसरी गॅप दरवाज्याचं पॅनेल आणि चौकटीची पट्टी यांच्यामधली, ती १ ते २ सूत, आणि तिच्यावर रबराची सील हलकी टेकली पाहिजे, दाबून चेपली जायला नको.

पहिल्या गॅपमध्ये एवढी ढिलाई का, असं बऱ्याच जणांना वाटतं, घट्ट बसवलं तर दरवाजा हलणार नाही, आवाज होणार नाही. उलटं होतं. रोलरची दांडी बिजागरीच्या नळीत मोकळी सरकते आणि तशी सरकायलाच पाहिजे, कारण दरवाजा कधीच अगदी सरळ रेषेत वर जात नाही, थोडा डावीकडे थोडा उजवीकडे होत जातो. शिवाय ऊन. स्टील तापलं की वाढतं, दर मीटरला दर अंशाला ०.०१२ मिमी. आकडा फालतू वाटतो पण तुमचा दरवाजा ५ मीटरचा, पहाटे आणि भर दुपारच्या उन्हात पत्र्याच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरला तर २.४ मिमी झाले. आणि आतून इन्सुलेशन असलेलं पॅनेल उन्हाच्या बाजूने फुगून कमानीसारखं वाकतं ते वेगळंच. म्हणून सकाळी नीट चालणारा दरवाजा दुपारी घासतो अशी तक्रार आली की मी आधी हीच गॅप मोजतो.

गॅप जास्त झाली तर त्याहून वाईट. दांडी नळीतून बाहेर बाहेर येत राहते, तिचा आधार कमी होतो, चाक तिरकं बसतं आणि वळणावर एखादा झटका आला की रोलर ट्रॅकच्या ओठावरून सटकतो. एक रोलर सटकला की शेजारच्यावर भार येतो, मग तोही. घट्ट ट्रॅक आवाज करून तुम्हाला सांगतो तरी, सैल ट्रॅक बहुतेक वेळा गप्प असतो.

आता हार्डवेअर निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवा ज्याचा फार कमी लोक विचार करतात. दरवाजा उभा असतो तेव्हा त्याचं वजन केबलवर असतं, रोलर फक्त वाट दाखवतात. जसजसा तो वळून आडवा होतो तसतसं वजन केबलवरून निघून रोलरवर आणि आडव्या ट्रॅकवर येतं. पूर्ण उघडा दरवाजा म्हणजे सगळं वजन रोलरवर. दोन गाड्यांचा दरवाजा लाकडी किंवा चांगला इन्सुलेटेड असेल तर १०० किलोच्या पुढे सहज जातो, दहा रोलरमध्ये भागलं तर प्रत्येकी १० किलो, पण ते सारखं कधीच वाटलं जात नाही, एक ट्रॅक जरा वरखाली असला की एखादा रोलर दुप्पट-तिप्पट ओझं घेतो आणि तोच आधी मरतो. त्यामुळे रोलर निवडायचा तो आडव्या प्रवासाचा विचार करून, आणि गॅप लावायची ती उभ्या प्रवासाचा विचार करून.

रोलरमध्ये साधारण तीन जाती मिळतात. एक साधा प्लास्टिकचा, आत बेअरिंगच नाही, चाक दांडीवर तसंच फिरतं. हलक्या एका गाडीच्या दरवाज्याला चालतो, तुमच्यासाठी अजिबात घेऊ नका. दुसरा स्टीलचा, आत उघड्या गोळ्या, ७ पासून ११ पर्यंत. ताकद चांगली, आवाज जास्त, आणि तेल-पाणी वेळेवर केलं नाही तर गोळ्यांचं घर गंजतं. तिसरा नायलॉनचा, आत बंद बेअरिंग, चांगल्यापैकी असेल तर ६२०० नंबरचं, दोन्ही बाजूंनी झाकण असलेलं. तुमच्या दरवाज्याला हाच घ्या. पण "नायलॉन" एवढं बघून घेऊ नका, कारण बेअरिंग नसलेले पांढरे चाकवालेही नायलॉन म्हणूनच विकले जातात. हातात घेऊन चाक फिरवा, दांडी धरून चाक डोलवून बघा. फिरलं पाहिजे, डोललं नाही पाहिजे. एवढी एक परीक्षा पॅकेटवरच्या सगळ्या मजकुरापेक्षा खरी.

दांडीची जाडी २ इंची ट्रॅकसाठी ७/१६ इंच, म्हणजे ११ मिमी. ३ इंची ट्रॅक, जो मोठ्या आणि जड दरवाज्यांना असतो, त्याच्या रोलरची दांडी १/२ इंच. हे दोन एकमेकांत बसत नाहीत, बसवायचा प्रयत्नही करू नका, २ इंची रोलर ३ इंची ट्रॅकमध्ये घातला की तो आत धडपडत फिरणार. खरेदीला जाताना एक जुना रोलर खिशात घेऊन जा, झिजलेला असला तरी दांडीची जाडी आणि लांबी त्यावरून कळते. लांबी नेहमीची ४ इंच. पण तुमचा दरवाजा रुंद आहे, तर कडेला प्रत्येक सांध्यावर एकाऐवजी दोन बिजागऱ्या शेजारी शेजारी लावल्यात का ते बघा. तशा असतील तर दांडी ७ इंची लागते कारण ती दोन्ही नळ्यांतून जाते. तिथे ४ इंची टाकली तर ती फक्त बाहेरच्या बिजागरीत बसते आणि दुसरी बिजागरी नावालाच उरते.

बिजागऱ्यांवर आता मला जरा थांबून बोलायचंय कारण माझ्या अनुभवात "रोलर घासतो" या तक्रारीचं हे मोठं छुपं कारण आहे. कडेच्या बिजागऱ्यांवर नंबर ठोकलेला असतो, १, २, ३. तो गुणवत्तेचा नंबर नाही. सगळ्यात खालच्या सांध्यावर १, त्याच्या वर २, त्याच्या वर ३. नंबर वाढला की रोलरची नळी पॅनेलपासून थोडी जास्त लांब जाते. असं का, तर उभा ट्रॅक समोरून बघितला तर ओळंब्यात असतो पण बाजूने बघितला तर वर जाताना चौकटीपासून हळूहळू लांब जातो. त्यामुळे दरवाजा वर निघाला की लगेच चौकटीच्या सीलपासून सुटतो आणि खाली येताना शेवटच्या क्षणी पाचरीसारखा सीलला टेकतो. फार हुशार रचना आहे, मोटर नाही काही नाही, फक्त तिरक्या ट्रॅकमुळे बंद दरवाजा आपोआप घट्ट बसतो आणि चालता दरवाजा कुठेच घासत नाही. पण त्यासाठी बिजागरीचा नंबर त्या उंचीवरच्या ट्रॅकच्या अंतराशी जुळला पाहिजे.

मी एकदा एका दरवाज्यावर दोन तास घालवले, गॅप नीट, लेव्हल नीट, रोलर नवे, तरी मधल्या सांध्यावर दरवाजा जड. शेवटी बिजागरीवरचा रंग खरवडला तर जिथे २ पाहिजे तिथे १ लावलेली. आधी कुणीतरी तुटलेली बिजागरी बदलताना हातात आली ती लावली होती. रोलर आत ओढला जात होता आणि ट्रॅकची खोबण त्याला बाहेर ओढत होती. बिजागरी बदलली आणि दरवाजा एका हाताने वर गेला. त्या दिवसापासून मी नंबर आधी बघतो. पॅनेलच्या मधल्या बिजागऱ्यांना रोलर नसतो, त्या सगळ्या १ नंबरच्याच असतात, त्यामुळे मधली काढून कडेला लावायची चूक सहज होते.

बिजागरीचा पत्रा हलक्या दरवाज्याला १८ गेज, म्हणजे १.२ मिमीच्या आसपास चालतो. तुमच्यासाठी १४ गेज घ्या, सुमारे २ मिमी. आणि सगळ्या बदलायची गरज नाही, ज्यांची नळी अंडाकृती झालीये, ज्यांना नळीच्या मुळाशी बारीक चीर आहे किंवा ज्यांचे स्क्रू पॅनेलमध्ये नुसतेच फिरतायत त्या बदला. नळी अंडाकृती झाली असेल आणि तुम्ही फक्त रोलर नवा टाकला तर नवा रोलरही तसाच तिरका चालणार.

स्क्रू-बोल्टचं थोडक्यात सांगतो. ट्रॅक ब्रॅकेटला जोडायला १/४ इंची बोल्ट ज्याचं डोकं गोल आणि चपटं असतं, ते डोकं ट्रॅकच्या आत आणि नट बाहेर. हे कृपया उलटं करू नका, षटकोनी डोक्याचा साधा बोल्टही तिथे चालत नाही. ट्रॅकच्या आत काहीही उंच आलं की प्रत्येक वेळी चाक त्याच्यावर आपटतं, आणि तुमचा वळणाजवळचा धक्का यामुळेसुद्धा असू शकतो. नट दाते असलेल्या रुंद कडेचे घ्या, ते थरथरीने सैल होत नाहीत. ब्रॅकेट लाकडी चौकटीत बसवायला ५/१६ इंची लॅग स्क्रू, आधी ५ मिमीच्या आसपास भोक पाडून, नाहीतर जुनं लाकूड चिरतं. काँक्रीट असेल तर अँकर फास्टनर, पण कडेच्या फार जवळ नको, कोपरा उडतो. हवा खारट किंवा दमट असेल तर सगळं गॅल्वनाइज्ड किंवा स्टेनलेस घ्या आणि रोलरची दांडीसुद्धा बघा, कारण चाक चकाचक आणि दांडी गंजून नळीत चिकटलेली असं नेहमी सापडतं. अडकलेली दांडी सरकत नाही आणि मग तुमची ४ सुताची गॅप असूनही ती नसल्यासारखीच.

आता प्रत्यक्ष गॅप लावणं. दरवाजा बंद, ओपनर सुटा, दरवाजा वर सरकू नये म्हणून सगळ्यात खालच्या रोलरच्या वर ट्रॅकला लॉकिंग प्लायर (आवळली की तशीच धरून राहणारी पक्कड) लावून ठेवा, दोन्ही बाजूंना. (ओपनर परत चालू करायच्या आधी ते काढायला विसरू नका, विसरून मोटर चालू केली तर वरचं पॅनेल वाकतं.) १२ मिमी प्लायवुडचे चार-पाच तुकडे कापून घ्या, टेपने मोजत बसण्यापेक्षा हे फार सोपं आणि चूक होत नाही.

एका वेळी एकच बाजू. ट्रॅक आणि ब्रॅकेट जोडणारे नट फक्त अर्धा-पाऊण आटा सैल करा, इतके की रबरी हातोड्याने हलकं ठोकलं तर ट्रॅक सरकेल पण स्वतःहून हलणार नाही. वरचा जो मोठा ब्रॅकेट असतो, उभा आणि आडवा ट्रॅक जिथे मिळतात तिथला, त्याचे भिंतीतले बोल्ट सोडायचे नाहीत. त्याच्याच शेजारी शाफ्टचा आधार असतो, काही दरवाज्यांत लांब ओढणाऱ्या स्प्रिंगची पुली तिथेच लटकते, म्हणजे ताण तिथेही आहे. मग दरवाज्याची कड आणि ट्रॅक यांच्यात प्लायवुडचे तुकडे प्रत्येक ब्रॅकेटजवळ घाला, ट्रॅक तुकड्याला नुसता टेकेल इतपत आत आणा. दाबू नका. समोरून ओळंबा धरून बघा, ट्रॅक ओळंब्यात पाहिजे. बाजूने मात्र सरळ करायला जाऊ नका, वर सांगितलं तसं तो तिरकाच पाहिजे. लेव्हल घेऊन दोन्ही बाजूंनी अगदी उभा केलेला ट्रॅक मी पाहिलाय, मेहनत पूर्ण आणि दरवाजा वरच्या सांध्यावर चौकटीला घासणारा.

मग तुकडे काढायच्या आधी नट घट्ट करा, मधल्या ब्रॅकेटपासून सुरू करून वर-खाली, कारण नट आवळताना ट्रॅक पिळतो आणि टोकापासून सुरू केलं तर तो पीळ मध्ये अडकून बसतो. तुकडे काढा आणि प्रत्येक रोलरचं चाक बोटाने फिरवून बघा. दरवाजा बंद असताना प्रत्येक चाक बोटाने फिरलं पाहिजे, जोर न लावता. जिथे फिरत नाही तिथे सील जास्त दाबली गेलीये किंवा बिजागरीचा नंबर चुकलाय किंवा ट्रॅक पुढे-मागे सरकलाय. मला गॅपच्या आकड्यापेक्षा या बोटाच्या परीक्षेवर जास्त भरवसा आहे. सगळ्यात वरच्या रोलरच्या ब्रॅकेटला लांबट भोकं असतात, वरचं पॅनेल चौकटीला नीट टेकवून तो ब्रॅकेट असा बसवा की तिथलं चाकसुद्धा बोटाने फिरेल. हा एक ब्रॅकेट नीट न लावल्यामुळे वरचं पॅनेल बाहेर झुकलेलं राहतं आणि लोक महागडी सील आणत बसतात.

फरशी एका बाजूला खोल असेल तर दोन्ही उभ्या ट्रॅकची वरची टोकं एकाच लेव्हलला आहेत ना ते पाण्याच्या नळीने किंवा लेझरने बघा. खालची टोकं वर-खाली असली तरी चालतात. ट्रॅकचं खालचं टोक फरशीला टेकवू नका, थोडं वर ठेवा, तिथे पाणी साचून पहिला गंज तिथूनच सुरू होतो.

आता तुमचा वळणाजवळचा धक्का. उभा ट्रॅक आणि वळणाचा तुकडा जिथे जोडलाय तिथे आतून बोट फिरवा, सावकाश, पत्रा कापतो. पायरी लागली का? अर्ध्या मिलिमीटरची पायरीसुद्धा चाकाला कळते. जोडाचे नट सैल करून दोन्ही कडा जुळवा, पण हे दोन्ही तुकडे एकदम सोडून नाही आणि दरवाजा बंद असतानाच, कारण तेव्हा आडव्या ट्रॅकवर दरवाज्याचं वजन जवळपास नसतं. कडेला धार असेल तर बारीक कानसने घासून घ्या. खुणा जोडावर नसून वळणाच्या पोटात असतील तर ट्रॅकला पोचा पडलाय, गाडीचा धक्का किंवा शिडी. छोटा पोचा लाकडाचा ठोकळा आतून धरून सरळ होतो, पण पत्रा दुमडलाय किंवा ओठ उघडलाय तर तो तुकडा बदला. नवा घेताना २ मिमीचा, १४ गेजचा घ्या आणि वळणाची त्रिज्या जुन्याइतकीच, १२ इंच की १५ इंच ते मोजून. एका बाजूला १२ आणि एका बाजूला १५ लागली तर दरवाजा वळणावर प्रत्येक वेळी तिरपा होणार.

आडव्या ट्रॅकचं बरेच जण विसरतात. दोन्ही ट्रॅकमधलं अंतर पुढे वळणाजवळ आणि मागे टोकाला मोजा. मागे सारखंच पाहिजे, एक-दोन सूत जास्त चालेल, कमी अजिबात नको. मग कर्ण मोजा, दरवाज्याच्या डाव्या कोपऱ्यापासून उजव्या ट्रॅकच्या मागच्या टोकापर्यंत आणि उलट, दोन्ही सारखे आले पाहिजेत. तुमचा त्रास फक्त उजव्या बाजूला आहे, त्यामुळे इथे कर्णात फरक निघण्याची मला बरीच शक्यता वाटते. आडवा ट्रॅक लेव्हलला किंवा मागे जरासा वर पाहिजे, खाली उतरता कधीच नाही. आणि मागचा टांगता अँगल हाताने जोरात हलवून बघा, झोका खात असेल तर एक तिरका आधार लावा, कारण १०० किलोचा दरवाजा वर जाऊन थांबतो तेव्हा तो सगळा झटका तिथे जातो आणि तिथून परत रोलरमध्ये येतो.

हे सगळं झालं की मग रोलर बदला. दरवाजा बंद, एका वेळी एकच बिजागरी, तिचे स्क्रू काढून बिजागरी रोलरसकट थोडी फिरवून चाक ट्रॅकमधून काढा, नवा घाला, स्क्रू लावा आणि मगच पुढची. ट्रॅकचा ओठ पक्कडीने उघडून रोलर काढायची एक पद्धत लोक दाखवतात, ती मला मुळीच मान्य नाही, एकदा उघडलेला ओठ परत पहिल्यासारखा होत नाही.

तेल कुठे घालायचं, तर बिजागरीच्या खिळीला, नळीत दांडीला, आणि स्टीलचा रोलर असेल तर त्याच्या गोळ्यांना. ट्रॅकमध्ये ग्रीस घालू नका. चाकाने ट्रॅकवर फिरायचं असतं, घसरायचं नसतं, आणि ग्रीसला धूळ चिकटून जी पेस्ट तयार होते ती पॉलिश पेपरसारखी चाक खाते. ट्रॅक आतून कोरड्या फडक्याने पुसा, बस. नायलॉनच्या बंद बेअरिंगला तेल लागत नाही.

शेवटी प्लायर काढा, हाताने तीन-चार वेळा वर-खाली करा, अर्ध्यात थांबवून दोन्ही बाजूंची गॅप परत त्याच प्लायवुडच्या तुकड्याने बघा, मग ओपनर जोडा. इथे एक विनंती. दरवाजा जड चालत होता तेव्हा कुणी ओपनरचा फोर्स वाढवून ठेवला असेल तर तो आता कमी करा. घासणाऱ्या दरवाज्याला ढकलायला वाढवलेला तोच जोर उद्या खाली कुणी आलं तर त्यालाही ढकलणार. दीड इंच जाडीचा लाकडाचा तुकडा उंबऱ्यावर आडवा ठेवून दरवाजा बंद करा, त्याला लागताच तो परत वर गेला पाहिजे. नाही गेला तर सेटिंग करा आणि परत तपासा, तोपर्यंत ओपनर बंदच ठेवून दरवाजा हाताने वापरा.

आणि दोन आठवड्यांनी परत एकदा टॉर्च घेऊन ट्रॅकच्या आत बघा. नट बसतात, लाकूड दबतं, एखादी बाजू एक सूत सरकलेली असते. नव्या चाकाची रेघ खोबणीच्या मधोमध पडलेली दिसली तर नट एकदा आवळून सोडून द्या. ओठावर पडलेली दिसली तर त्याच ठिकाणच्या ब्रॅकेटपासून परत तुकडा घालून बघायला सुरुवात करा.